‘काका, दोन मिनिटं इंजिन लावा’ म्हणणाऱ्या भाऊंना

बुद्धिबळातल्या लॅटव्हियन गँबिटवरच्या (डावाच्या सुरुवातीलाच, दुसऱ्या चालीला काळ्यानं एफ५ वर प्यादं ढकलायचं, ते ओपनिंग) माझ्या लेखाखाली एका वाचकानं भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे ओपनिंग फुटकं आहे, पांढऱ्यानं घोडा सी४ ची लाइन (म्हणजे चालींची साखळी) घेतली की काळ्याजवळ काही उरत नाही आणि ती लाइन मी दोन ओळीत गुंडाळली, असले सापळे शिकून पोरं बिघडतात, आणि ज्या नागपुरानं दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी असे ग्रँडमास्टर दिले तिथं बसून हे लिहिणं शोभत नाही. आणि मधेच इंजिनवरून (म्हणजे चाली तपासणारं कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर) एक वाक्य, "काका, दोन मिनिटं इंजिन लावलं असतं तर एवढं लिहायचे कष्ट वाचले असते."

आधी जे बरोबर आहे ते. लेखाचं शीर्षक भडक होतं, ‘पांढऱ्याची दाणादाण’ वगैरे. बदललं. झालं?

आता ‘काका’. म्हणा, काही हरकत नाही, केस पांढरे झालेच आहेत आणि गल्लीतली पोरंही काकाच म्हणतात. पण ती पोरं कोणत्या सुरात म्हणतात आणि तुम्ही कोणत्या सुरात म्हणून राहिले हे मला कळत नाही असं वाटलं का भाऊ? लेख पटला नाही तर पटला नाही म्हणा, चाल दाखवा, मी बोर्ड मांडून बसतो. ‘कष्ट वाचले असते’ ही काय बोलायची पद्धत झाली? ज्याच्या नावापुढे ना फोटो ना रेटिंग, त्यानं दुसऱ्याच्या कष्टांचा हिशोब काऊन करावा?

इंजिन मी लावतो. लेख लिहायच्या आधी लावलं होतं, तुमची प्रतिक्रिया वाचून रागाच्या भरात परत लावलं. ई४ ई५, घोडा एफ३, एफ५ झालं की इंजिन पांढऱ्याला चांगला प्लस, म्हणजे सरशी, देतं, हे लपवलंय कोणी? लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर माझे नाही पण तुमचे टायपिंगचे कष्ट नक्की वाचले असते. प्रश्न हा आहे की तो प्लस बोर्डावर बसलेल्या माणसाच्या हाती लागतो का.

घोडा सी४ कडे शेवटी येतो, आधी तिसऱ्या चालीला पांढऱ्यानं उंट सी४ खेळला ती लाइन घ्या. काळा ई४ चं प्यादं मारतो, पांढरा घोड्यानं ई५ मारतो, आणि काळ्याचा वजीर जी५ वर येतो, एक डोळा घोड्यावर आणि एक जी२ वर. आता पांढऱ्यानं डी४ खेळायचं आणि जी२ खुशाल सोडून द्यायचं. वजीर जी२ मारून हत्तीच्या छाताडावर बसतो. मग वजीर एच५ शह, जी६, उंट एफ७ शह, राजा डी८, आणि आता उंटानं जी६ मारायचं, म्हणजे एच१ चा अख्खा हत्ती शहासकट जाऊ द्यायचा, राजा उचलून ई२ वर ठेवायचा आणि घाम पुसायचा नाही. काळ्यानं हावरटपणा करून सी१ चा उंटही खाल्ला तर घोडा एफ७ शह बसतो आणि काळाच उघडा पडतो, म्हणून काळ्यानं तिथं शहाण्यासारखं सी६ खेळायचं असतं. हे सगळं इंजिनाला चहा ओतेपर्यंत दिसतं. दहा मिनिटांच्या डावात, समोर कोणीतरी पाय हलवत बसलेला असताना, तुम्हाला दिसेल? खरं सांगा, डी४ तरी हातून जाईल का, की घोडा मागे घ्याल? घरी बसून स्क्रीनकडे बघत उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

आम्ही शिकलो तेव्हा इंजिन नव्हतं. मे महिन्यात कूलरसमोर बोर्ड मांडायचो, सीताबर्डीच्या फूटपाथवर जुनी इन्फॉर्मेटरं (डावांच्या संग्रहाची पुस्तकं) मिळाली तर मिळाली. अमरावतीच्या एका मित्राशी पत्रानं डाव चालायचे, पंधरा पैशाच्या पोस्टकार्डावर एक चाल आणि खाली घरच्यांची खुशाली. त्यातला एक लॅटव्हियन मी काळ्यानं खेळलो आणि एकेका चालीवर आठवडाभर डोकं खाजवलं. ज्या कार्लिस बेटिन्शमुळे ह्या ओपनिंगला लॅटव्हियन म्हणतात त्यानंही रिगात बसून असंच हातानं अ‍ॅनालिसिस केलं, तो १९४३ मध्ये गेला, त्याला कोणी दोन मिनिटं इंजिन लाव म्हणालं नाही. नंतर नागपूरच्या महाल भागात एका ओपन स्पर्धेत माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या खेळाडूसमोर मी एफ५ ढकललं तेव्हा तो आधी हसला, मग त्याचं अर्धं घड्याळ पहिल्या दहा-बारा चालींतच गेलं. डाव ड्रॉ झाला. मला कोणी लॅटव्हियन सांगायला आलं की मी तो डाव आठवतो, राग मानू नका.

आणि मोठ्यांचं उदाहरण हवं असेल तर १९५५, लिंकन, अमेरिकेची ज्युनिअर स्पर्धा. पांढऱ्यानं पुढे जगज्जेता झालेला बॉबी फिशर, वय १२, काळ्यानं व्हिक्टर्स पुपोल्स, आणि दुसऱ्या चालीला एफ५. फिशरची वेळ संपून घड्याळ पडलं, डाव गेला. तो तेव्हा लहान होता असं म्हणाल, माहीत आहे. पण फिशर होता नं.

दिव्याला मधे कशाला ओढलं ते मात्र कळलं नाही. तिचा आम्हाला तुमच्याइतकाच अभिमान आहे, ती लॅटव्हियन खेळते असं मी कुठं म्हटलं? पण काढलंच आहे तर, २०२५ ची बाटुमीची महिला वर्ल्ड कपची फायनल आठवा. कोनेरू हंपीसोबतचे दोन्ही क्लासिकल डाव ड्रॉ झाले, निकाल लागला तो कमी वेळाच्या रॅपिड टायब्रेकमध्ये. म्हणजे वर्ल्ड कपच्या फायनललासुद्धा शेवटी घड्याळ बोलतं, आणि आपण इथं संध्याकाळच्या क्लबात इंजिनाच्या प्लसचा दशांश घेऊन भांडून राहिलो.

पोरं बिघडतात म्हणे. पोरं मोबाईलनं बिघडतात, एफ५ नं नाही.

घोडा सी४ बद्दल: ती लिओनहार्टची लाइन म्हणतात, मला माहीत आहे, चांगली आहे, तिच्यावर वेगळं लिहावं लागेल, सवड मिळाली की बघू.

त्याआधी पुढचा लेख फ्रेझरवर, लॅटव्हियनच्याच आणखी एका लाइनवर, येतो आहे. पांढऱ्यानं घोड्यानं ई५ मारलं की काळा घोडा सी६, वजीर एच५ शह, जी६, घोडा जी६ मारतो, घोडा एफ६, वजीर एच३, एच चं प्यादं जी६ मारतं आणि वजीर एच८ चा हत्ती उचलतो, आणि काळा अख्खा हत्ती देऊन शांतपणे वजीर ई७ खेळतो. इंजिन त्यालाही शिव्याच घालतं, म्हणजे तुम्हाला प्रतिक्रिया आत्तापासूनच लिहून ठेवता येईल. फक्त ह्या वेळी काका लिहिलं तर पुढे ‘नमस्कार’ही लिहा.