ताशी पंधरा किलोमीटरचा बेदरकारपणा

गाळप हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते: उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून धडकून दुचाकीस्वार ठार. फिर्यादीतलं वाक्यही ठरलेलंच असतं: ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात वाहन चालवून...’ कित्येकदा हे वाक्य मेलेल्या पोराच्याच माथी बसतं. पुढे अंधारात, दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीला ते चिकटत नाही, कारण ट्रॉली भरधाव असूच शकत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शखाली दोघं गेले आणि त्याला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तेव्हापासून आपल्याकडचा वाद एकाच मुद्द्याभोवती फिरतोय: शिक्षा किती वाढवायची? इंग्लंडात बसून तो वाचताना राहून राहून वाटतं की आपण चुकीच्या टोकाला धरून ओढतोय. इथल्या वाहन कायद्यातही ‘रेकलेस’ या शब्दावर अनेक वर्षं काथ्याकूट झाला, आणि शेवटी वाहन चालवण्याच्या गुन्ह्यांतून तो शब्दच काढून टाकला. ते का झालं, हे कराड-पलूसकडच्या माणसाने समजून घेण्यासारखं आहे.

‘रेक’ म्हणजे फिकीर, पर्वा. हे क्रियापद इंग्रजीत आता पोथ्यांपुरतंच उरलंय, पण ‘लेस’ लावलेलं विशेषण हजार वर्षांहून जास्त काळ टिकून आहे. डच भाषेतला ‘रूकेलोस’ त्याचाच भाऊ. अपघात या अर्थाच्या ‘रेक’शी त्याचं नातं नाही. तरी शिकलेली माणसंसुद्धा स्पेलिंगच्या आधी डब्ल्यू लावतात, आणि मग अर्थ होतो ‘बिनअपघाती’! आपला ‘बेदरकार’ फारसीतून आला, पण घडण तीच: दरकार नसलेला. ‘रॅश’ची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ रोख चपळाईवर, घाईवर. जर्मन ‘राश’चा अर्थ आजही झटपट असाच आहे. म्हणजे एक शब्द वेगाचा आणि दुसरा बेफिकिरीचा.

आपल्याकडच्या १८६० च्या दंडसंहितेने वाहन चालवण्याच्या कलम २७९ मध्ये ‘रॅश’ घेतला, ‘रेकलेस’ नाही. पण १८८१ मध्येच अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला तो असा: धोका आहे हे ठाऊक असताना, परिणामांची पर्वा न करता तो पत्करणं. त्यात घाईचा संबंध नाही. मराठी कायद्याच्या पुस्तकात त्याला ‘बेदरकारपणे’ म्हटलंय ते अगदी बरोबर आहे. ‘भरधाव’ ही पोलीस ठाण्यातली भर.

ही भर महागात पडते. १९९८ मध्ये कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की ट्रक जोरात होता एवढ्यावरून हयगय किंवा बेदरकारपणा सिद्ध होत नाही. जोरात म्हणजे किती, हे साक्षीदाराला सांगता आलं नव्हतं. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर ऐंशी काहीच नाही, आणि बाजाराच्या दिवशी उंब्रजच्या पेठेत चाळीससुद्धा जिवावर उठेल. फिर्यादीत ‘भरधाव’ लिहून मोकळं व्हायचं आणि साडेचार वर्षांनी साक्षीदाराने ‘गाडी जोरात होती साहेब’ म्हणायचं, याने आरोपी सुटतो. कडक शिक्षेचं कलम लावलं तरी सुटेलच, कारण शिक्षेचा प्रश्न दोष सिद्ध झाल्यावर येतो.

इंग्लंडचा रस्ता वळणावळणाचा होता. १९०३ च्या मोटर कायद्यात ‘रेकलेस’, ‘निष्काळजी’ आणि ‘लोकांना धोकादायक’ असे तिन्ही शब्द होते. १९७७ मध्ये ‘धोकादायक’ काढून ‘रेकलेस’ ठेवला. मग कोर्टापुढे पेच आला की चालकाच्या मनात काय होतं? हाच पेच इतर गुन्ह्यांतही होता. १९५७ च्या कनिंगहॅम खटल्यात एकाने नाण्यांसाठी गॅसचा मीटर भिंतीवरून उपटला, पाइप तसाच उघडा सोडला, आणि भिंतीतून झिरपलेल्या गॅसने शेजारची बाई गुदमरली. आपल्या करणीने असं होईल हे त्याला कळलं होतं का, की ते कळायला हवं होतं एवढं पुरे? १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च पीठाने दुसऱ्या बाजूला कौल दिला. २००३ मध्ये अकरा आणि बारा वर्षांच्या दोन मुलांनी पेटवलेल्या कागदांमुळे दुकान जळाल्याच्या खटल्यात त्याच पीठाने तो कौल फिरवला. वाहनांपुरता मात्र त्याआधीच निकाल लागला होता. वाहतूक कायद्याचा फेरविचार करणाऱ्या नॉर्थ समितीने १९८८ मध्ये सांगितलं की मनात डोकावणं सोडा, गाडी कशी चालवली ते बघा. १ जुलै १९९२ पासून ‘रेकलेस’ गेला, ‘धोकादायक’ परत आला.

नवी कसोटी साधी आहे. जाणत्या, काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा, तिच्या फार खाली चालवणं म्हणजे धोकादायक. नुसतं खाली म्हणजे निष्काळजी. आणि आपल्या कामाची ओळ पुढेच आहे. गाडीची अवस्था बघता ती रस्त्यावर आणणंच धोक्याचं होतं हे जाणत्या चालकाला उघड दिसलं असतं, तर तेही धोकादायक चालवणंच. गाडीला काय जोडलं होतं, काय लादलं होतं, कसं बांधलं होतं, हे सगळं त्यात धरता येतं. वेगाचा उल्लेखही करावा लागत नाही.

ही ओळ हातात घेऊन पेठ नाका-सांगली किंवा कराड-विटा रस्त्यावर रात्री आठ वाजता उभं राहा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. शेतात त्या वेगवेगळ्या भरल्या जातात, म्हणून दर खेपेला हूक सोडायचा, पिन काढायची, दिव्याची वायर ओढून काढायची. चार-सहा खेपांत प्लग तुटतो आणि मागची ट्रॉली हंगामभर आंधळी फिरते. रिफ्लेक्टर लावलेले असतात मागच्या चौकटीवर, आणि ऊस त्याच्याही दोन-अडीच फूट बाहेर येऊन खाली झुकतो; पट्टी पाचटाआड जाते, उरलेली चिखलाने माखते. कारखान्याचा चमकणारा कापडी फलक उसालाच बांधलेला असतो, तो ऊस उतरवताना गव्हाणीत जातो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच, त्यामुळे उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं आणि चढावर पुढची चाकं उचलतात. टायर फुटला की ट्रॉली तिथेच सोडून मागे चार दगड मांडायचे. ट्रॉली दुसऱ्या दिवशी जाते, दगड राहतात.

मागून येणाऱ्याचं गणित बघा. इथल्या हायवे कोडप्रमाणे ताशी ६४ किलोमीटरला गाडी थांबायला ३६ मीटर लागतात: १२ मीटर लक्षात येईपर्यंत, २४ मीटर ब्रेकचे. हे कोरड्या रस्त्यावर, जागरूक चालकाचं. समोरून अप्पर मारत कोणी आलं तर ते बारा मीटर सहज दुप्पट होतात, आणि तेवढ्यात उसाचा करडा ढीग अंधारातून वेगळा दिसेलच असं नाही. त्या पोराने हेल्मेट घातलं नव्हतं हे खरं, त्याचा वेग जास्त होता हेही खरं असेल. पण धोका ठाऊक असून तो पत्करण्याचं काम आधी दुसऱ्याने केलं होतं, ताशी पंधरा किलोमीटरने.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ ‘चालवण्या’पुरतं आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे हजार रुपये १८६० पासून तेवढेच. पण कलम १०६ मध्ये ‘कृत्य’ हा शब्द आहे. दिव्याविना ट्रॉली रस्त्यात सोडणं हेही कृत्यच, आणि तिथे शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांचं पोटकलम मात्र जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये माल चौकटीबाहेर गेला तर वीस हजार दंड आणि माल उतरवून घेण्याची तरतूद आहे. हंगामात ती किती वेळा वापरली जाते, हे रस्त्यावर दिसतंच.

इंग्लंडचं कौतुक जपूनच करायला हवं. इथेही नॉरफक-सफकमध्ये शरद ऋतूपासून बीटचा साखर हंगाम चालतो, पण बीट बहुतेक ट्रकने जातं, मोळ्या बांधून नव्हे. आणि ‘फार खाली’ व ‘खाली’ यातली रेघ इतकी पुसट आहे की वकील खटला निष्काळजीपणावर आणायला धडपडतात: जीव गेला असेल तर एकीकडे पाच वर्षं, दुसरीकडे २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत. मृताच्या घरच्यांचा संताप इथेही तोच.

म्हणून उचलायची ती शिक्षा नाही, पंचनाम्याची रीत उचलावी. ‘भरधाव’च्या जागी मोजमाप लिहा: मागचा दिवा होता का, वायर जोडलेली होती का, रिफ्लेक्टर किती आणि उसाने झाकलेले किती, ऊस चौकटीबाहेर किती फूट, ट्रॉली डांबरावर किती आणि साइडपट्टीवर किती, ब्रेकची खूण किती मीटर. रात्रीचे फोटो मागून, पन्नास मीटरवरून, गाडीच्या लोअर दिव्यात घ्या. यातलं काहीही चार-पाच वर्षांनी साक्षीदाराच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

राहिला चालक. टनावर पैसे घेऊन रात्रंदिवस खेपा मारणाऱ्या माणसाला एकट्याला धरून काही होणार नाही, हा घरचा आक्षेप मला मान्य आहे. ठेकेदाराशी करार कारखान्याचा असतो आणि प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावरून दोनदा जाते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. रिकाम्या वजनाच्या वेळी दोन मिनिटं दिवा लावून बघायचा, प्लग तुटला असेल तर तिथेच वीस-पन्नास रुपयांचा बदलायचा आणि तोवर पुढच्या खेपेची चिठ्ठी द्यायची नाही. ऊस लवकर पोचावा म्हणून इतकी शिस्त आपले कारखाने आजही पाळतात. कोणाचा ऊस कधी तोडायचा, तो तोडीचा कार्यक्रम बघा.