बाखचा तुरुंग आणि चोवीस पट्ट्या

सुप्रभातच्या फुलांमागोमाग हल्ली एक मजकूर फिरतोय: ‘राजाने बाखला तुरुंगात टाकलं. जवळ पियानोसुद्धा नव्हता. तरी महिन्याभरात त्याने चोवीस प्रिल्यूड आणि फ्यूग लिहून काढले. आणि आपण म्हणतो, वेळ मिळत नाही!’ आमच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा तर हात जोडलेल्या इमोजीसकट. बाख म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार. प्रिल्यूड ही आधी वाजवायची मोकळी रचना; फ्यूगमध्ये एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत गुंफली जाते. बारा सुरांवर प्रत्येकी मेजर आणि मायनर, अशा चोवीस पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीत एक जोडी. आता मजकुरात खरं किती, ते एकदा बघूच.

तुरुंग खरा आहे. 1717 साली बाख जर्मनीतल्या वायमारच्या दरबारात होता. तिथलं संगीतप्रमुखाचं पद रिकामं झालं, ते आधीच्या प्रमुखाच्या मुलाकडे गेलं. बाखने क्योथनच्या राजपुत्राची नोकरी धरली आणि वायमारला राजीनाम्यासाठी हटून बसला. वायमारचा सत्ताधीश ड्यूक विल्हेल्म एर्न्स्टने त्याला 6 नोव्हेंबरला अटकेत ठेवलं, 2 डिसेंबरला नाराजीचा शेरा मारून सोडलं. म्हणजे सव्वीस दिवस, आणि कारण नोकरी सोडण्याचं. क्रांती वगैरे काही नाही.

चोवीस जोड्या तिथे लिहिल्या, हे मात्र कुठून आलं? गेर्बर नावाच्या कोशकाराकडून. त्याचे वडील बाखचे शिष्य होते. त्याने 1790 मध्ये लिहिलं की वैताग, कंटाळा आणि वाद्याचा अभाव असलेल्या एका ठिकाणी बाखने विरंगुळा म्हणून हे काम केलं. ‘एका ठिकाणी’ एवढंच. तुरुंग हा शब्द त्यात नाही. तो नंतरच्यांनी वायमारच्या कोठडीशी जोडला. काही तुकडे तिथे सुचले असतील, नाही कशाला म्हणा? पण या चोवीस जोड्यांच्या पूर्ण ग्रंथाच्या, म्हणजे ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’च्या, बाखच्या हातच्या प्रतीवर साल आहे 1722.

आणि मधल्या वर्षांचा पुरावा एका पोराच्या वहीत आहे. बाखचा थोरला मुलगा फ्रीडेमान, जन्म 22 नोव्हेंबर 1710. म्हणजे त्याचा सातवा वाढदिवस बाप अटकेत असताना गेला. तो नऊ वर्षांचा असताना, 22 जानेवारी 1720 ला, बाखने त्याच्यासाठी शिकण्याची वही सुरू केली. पुढे ग्रंथात गेलेले अकरा प्रिल्यूड त्या वहीत आधीच्या रूपात सापडतात. सगळ्यांच्या ओळखीचा सी मेजरचा (आपली पांढरी एक) तो पहिला प्रिल्यूड तिथे चक्क आखूड आहे, नंतर वाढवलेला. काही रचना तर मुळात सोप्या पट्टीत होत्या आणि चोवीसचा आकडा भरायला अवघड पट्टीत सरकवल्या, असं अभ्यासक मानतात. महिन्याभरात एका बैठकीत उतरलेल्या कामाच्या खुणा या नव्हेत. वर्षानुवर्षं शिकवत, खोडत, वाढवत बसलेल्या मास्तराच्या आहेत. मुखपृष्ठावरही त्याने तेच लिहिलंय: शिकण्याची हौस असलेल्या तरुणांच्या उपयोगासाठी.

वाद्य नव्हतं याचंही भलतंच कौतुक. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल सांगतो, वडील बहुतेक रचना वाद्याशिवायच करत, मग वाजवून बघत. अपवाद कुठला, तर पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्यासाठीच्या काही रचनांचा! म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी चमत्कारासाठी नेमकी चुकीची जागा निवडली. आणि पियानो म्हणाल, तर बाखच्या डोळ्यांपुढे हार्पसिकॉर्ड आणि क्लाव्हिकॉर्ड ही पियानोच्या आधीची पट्ट्यांची वाद्यं होती.

कैदेतले चोवीस प्रिल्यूड-फ्यूग हवेच असतील, तर ते आहेत, पण दुसऱ्याचे. व्सेवोलोद झादेरात्स्की नावाच्या रशियन संगीतकाराला 1937 मध्ये अटक झाली. त्याआधी 1926 च्या अटकेत त्याच्या तोवरच्या रचना नष्ट झाल्या होत्या. आता रवानगी सैबेरियाच्या पार टोकाला, कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावणीत. तिथे त्याने पेन्सिलीने तारेच्या फॉर्मवर आणि हाती येईल त्या कागदावर सगळ्या चोवीस पट्ट्यांतल्या जोड्या लिहिल्या. वाद्य अर्थातच नव्हतं. 1939 मध्ये तो सुटला. प्रसिद्ध रशियन संगीतकार शोस्ताकोविचने अशाच चोवीस जोड्या लिहिल्या त्या 1950-51 मध्ये, म्हणजे दशकभराने. झादेरात्स्की 1953 मध्ये वारला. छावणीतला हा संच सलग, पूर्ण, मैफलीत पहिल्यांदा वाजला तो मॉस्कोत, डिसेंबर 2014 मध्ये.