ट्रायथलॉनमधून आलेल्या सायकलपटूंना सायकल हाताळता येत नाही, हे खरे आहे का?

सायकलिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: ट्रायथलॉनमधून (पोहणे, सायकलिंग आणि धावणे अशा सलग शर्यतीतून) व्यावसायिक सायकलिंगमध्ये आलेल्यांच्या पायांत दम असतो, पण सायकलवर ताबा नसतो, घड्याळाविरुद्ध एकट्याने सायकल चालवायच्या टाइम ट्रायलपलीकडे त्यांची मजल जात नाही, डावपेच त्यांना कळत नाहीत, आणि ते उशिरा आलेले असल्याने शिकण्याचे वयही उलटून गेलेले असते. सोबत पॅरिस ऑलिंपिकमधील अमेरिकेच्या टेलर निबची चित्रफीत जोडलेली असते. यातील एकेक विधान तपासून पाहायला हवे, कारण या खेळाकडे वळू पाहणारी तरुण मुले हे वाचून बिचकतात.

आधी चित्रफितीविषयी. 27 जुलै 2024 रोजी महिलांच्या टाइम ट्रायलमध्ये पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर निब अनेकदा पडली, हे खरेच आहे. मात्र ती ट्रायथलॉन सोडून आलेली व्यावसायिक सायकलपटू नाही; ती आजही ट्रायथलीट आहे आणि त्या वर्षीची अमेरिकेची राष्ट्रीय टाइम ट्रायल जिंकून तिने ती जागा मिळवली होती. शिवाय त्याच दिवशी, त्याच ओल्या रस्त्यावर अमेरिकेचीच क्लोई डायगर्टही घसरली आणि तरीही तिने कांस्यपदक मिळवले. डायगर्ट ट्रॅक आणि रस्ता या दोन्ही प्रकारांतली विश्वविजेती आहे. तिच्या पडण्याचा दोष कोणी तिच्या पूर्वेतिहासाला देत नाही.

‘ट्रायथलीटला घोळक्यात चालवायची सवय नसते’ हे विधान अर्धेच खरे आहे, आणि ते कोणत्या अर्ध्याला लागू पडते हे मजकूर लिहिणाऱ्याने पाहिलेलेच नाही. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधील 180 किलोमीटर सायकलिंगमध्ये दुसऱ्याच्या मागे आडोसा घेण्यास, म्हणजे ड्राफ्टिंगला मनाई असते, त्यामुळे तिथला स्पर्धक तासन्‌तास एकटाच वाऱ्याशी झुंजतो. पण ऑलिंपिकमध्ये 2000 च्या सिडनीपासून खेळल्या जाणाऱ्या ट्रायथलॉनमधील 40 किलोमीटर सायकलिंगला ड्राफ्टिंगची मुभा आहे. तिथे पोहून बाहेर आल्याबरोबर जथा पकडावा लागतो, शहरातल्या काटकोनी वळणांवर पुढच्याच्या चाकाला चिकटून राहावे लागते, आणि चाक सुटले तर पुढे धावताना पायांत काही उरत नाही. दोनशे किलोमीटरच्या शर्यतीत दीडशेहून अधिक जणांच्या पेलोटनमध्ये, म्हणजे मुख्य घोळक्यात, जागा राखणे याहून अवघड आहे, आणि आडव्या वाऱ्यात जथ्याचे तुकडे पडू लागताना योग्य तुकड्यात असणे तर कित्येक वर्षांच्या शर्यतींनंतरच साधते, हे मी मान्य करतो. परंतु ही उणीव कोणत्याही खेळातून आलेल्याची असते आणि शर्यती खेळूनच ती भरून निघते.

इथे हमखास रिची पोर्टचे नाव पुढे केले जाते. टास्मानियाचा पोर्ट ट्रायथलॉनमधून आला आणि 2017 च्या तूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीत मों द्यू शा घाटाच्या उतारावर भयंकर रीतीने पडला. त्याच्या कमरेचे आणि गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडले. मात्र त्याच टप्प्यात गेरेंट थॉमसही आधीच्या एका घाटाच्या उतारावर पडला, त्याचेही कॉलरबोन मोडले आणि त्यालाही शर्यत सोडावी लागली. थॉमस लहानपणापासून कार्डिफच्या ट्रॅकवर वाढलेला. एकाच दिवशीच्या दोन अपघातांपैकी एकाला ट्रायथलॉन कारणीभूत आणि दुसऱ्याला नशीब, असा न्याय कसा लावता येईल?

पोर्टचे उरलेले कर्तृत्व मात्र सांगितले जात नाही. पॅरिस–नीस या शर्यतीचे विजेतेपद दोनदा, 2014 ते 2019 अशी सलग सहा वर्षे ऑस्ट्रेलियातील टूर डाउन अंडर शर्यतीच्या विलुंगा टेकडीवरच्या टप्प्यात विजय, आणि 2020 मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तूरमध्ये तिसरे स्थान. तीन आठवड्यांच्या शर्यतीत पॅरिसच्या मंचावर उभा राहणारा माणूस केवळ टाइम ट्रायलपुरता असू शकत नाही. ऑस्ट्रियाचा फेलिक्स गालही किशोरवयात ट्रायथलॉन खेळत असे. 2023 च्या तूरमध्ये 2,304 मीटर उंचीचा कोल द ला लोझ त्याने सर्वांत आधी ओलांडला आणि मग सायमन येट्स पाठलागावर असताना अरुंद, तीव्र उतार उतरून कुर्शव्हेलचा टप्पा जिंकला. (लान्स आर्मस्ट्राँगही ट्रायथलॉनमधूनच आला होता, पण त्याची तूरची विजेतेपदे काढून घेतली गेली असल्याने त्याचा आधार मी घेत नाही.)

डावपेचांबाबत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ॲना कीसनहोफरचे उदाहरण. ही ऑस्ट्रियाची गणितज्ञ आधी ट्रायथलॉन आणि ड्युएथलॉन (धावणे व सायकलिंग) खेळत होती. दुखापतीमुळे धावणे सुटले म्हणून ती सायकलिंगकडे वळली. 25 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या 137 किलोमीटरच्या शर्यतीत ती सुरुवातीलाच निसटलेल्या पाच जणींच्या आघाडीच्या गटात (ब्रेकअवेमध्ये) होती. शेवटचे सुमारे 41 किलोमीटर उरले असताना तिने उरलेल्या दोन साथीदारांनाही मागे टाकले आणि सव्वा मिनिटाच्या फरकाने सुवर्ण जिंकले. दुसरी आलेली नेदरलँड्सची अ‍ॅनेमिक व्हान फ्लेउटेन, पुढे कोणी आहे हे ठाऊक नसल्याने, आपणच जिंकलो असे समजून हात उंचावत आली. ‘संघाकडून माहिती देणारे रेडिओ नव्हते म्हणून जमले’ असे यावर म्हटले जाते. पण रेडिओबंदी सर्वांनाच होती. पेलोटनमध्ये शेवटपर्यंत थांबून आपल्याला जिंकता येणार नाही हे ओळखून पहिल्याच संधीला निसटणे, आणि नेदरलँड्सच्या चार बलाढ्य खेळाडू पाठलागाची जबाबदारी एकमेकींवर ढकलतील एवढा वेळ टिकून राहणे, याला डावपेचच म्हणतात.

राहिला वयाचा मुद्दा. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगला 2001 मध्ये कमरेच्या सांध्यांच्या संधिवाताचे निदान झाले आणि ट्रायथलॉन सोडावे लागले. त्यानंतर तिने 2008, 2012 आणि 2016 अशी टाइम ट्रायलची सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. तिसरे पदक रिओच्या पावसात, चढ-उतारांच्या ओल्या रस्त्यावर, अवघ्या साडेपाच सेकंदांच्या फरकाने आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती 43 वर्षांची झाली.