सापडलेलं पाकीट: काही व्यवहार्य सूचना

लोकलच्या सीटखाली पाकीट दिसलं की लगेच वाकू नका. वाकलेला माणूस अख्ख्या डब्याला दिसतो. आधी ते पायाने जवळ ओढा आणि कुर्ल्याला गर्दी चढली की बुटाची लेस बांधायला खाली बसा. (पायात चप्पल असेल तर थोडी प्रतिभा लागेल.)

मग आत बघा. मालक शोधायचा तर बघावंच लागतं, त्यात लाजायचं काय? साईबाबांचा फोटो, बायकोचा पासपोर्ट साइज फोटो, घड्या पडून मऊ झालेली सोनाराची पावती, पाचशेच्या चार नोटा. फोटो आणि पावती ही माणसाची खाजगी बाब, त्यांना हात लावू नये. नोटा सार्वजनिक चलन आहेत. आधार कार्डावर पत्ता असतोच, पण तो डोंबिवली पूर्वेचा निघाला तर 'पत्ता सापडत नाही' असंच धरून चालावं.

कायद्याला घाबरू नका, म्हणजे कायदा वाचू नका. १८६० च्या दंडसंहितेत कलम ४०३ खाली थेट तुमचीच गोष्ट दिली होती: समोरच्याचं पाकीट पडताना पाहिलं, परत द्यायचं म्हणून उचललं आणि नंतर मन फिरलं, तरी गुन्हा. आता न्याय संहितेत ते कलम ३१४ झालंय, वर किमान सहा महिने कैद. मात्र रस्त्यात बेवारस रुपया सापडला तर उचलणारा गुन्हेगार नाही, असंही तिथेच लिहिलंय. तेवढं पाठ करा. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम १६८ म्हणतं की मालक शोधायला पडलेल्या त्रासाचा आणि खर्चाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. त्रास कसा मोजायचा ते तुम्हाला शिकवायला नकोच.

तुमचं पाकीट रिक्षात राहिलं तर गोष्ट वेगळी. रिक्षावाल्याने धंदा सोडून ते घरपोच आणावं. नोटा त्याच्यासमोर दोनदा मोजा. चहापाण्याला पन्नास रुपये पुढे करा; 'नको साहेब' म्हणाला की चपळाईने परत खिशात घाला. रविवारी सोसायटीच्या खर्चाने शाल-श्रीफळ द्या, फोटोत मधोमध तुम्ही उभे राहा आणि खाली 'प्रामाणिक रिक्षाचालकाचा सत्कार' असं लिहा. प्रामाणिक डॉक्टर, प्रामाणिक बँक मॅनेजर असं कोणी छापत नाही, पण तो विषय सत्काराच्या दिवशी काढू नये.

फोटोआधी एकच करा. दाराआडची ती लाकडी मुठीची छत्री, भलत्याच कुणाचं नाव कोरलेली, तेवढी आतल्या खोलीत सरकवा.