मीटर लाल झाला, पण डीह्युमिडिफायर कुणी बघितला?

छोट्या शहरांतली जुन्या वास्तूंमधली संग्रहालयं ‘भूतशोधा’साठी रात्रभर उघडी ठेवली जातात, आणि अशा प्रत्येक रात्रीनंतर एकाच साच्यातला मजकूर फिरू लागतो. चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर आपोआप लाल झाला, एका कोपऱ्यात तापमान सहा अंशांनी उतरलं, फोटोत गोळे आले, रेकॉर्डरवर आवाज सापडला, टॉर्चने प्रश्नांना उत्तरं दिली. तेव्हा वास्तूत कुणीतरी आहे हे ‘उपकरणांनी सिद्ध झालं’. उपकरणं खोटं बोलत नाहीत, हे कबूल. पण ती मोजतात काय?

‘वीज बंद होती, तरी मीटर लाल झाला.’ दिवे बंद केले म्हणजे वीज बंद होत नाही. संग्रहालयात रात्रीही अलार्म, कॅमेरे, वायफाय, आपत्कालीन दिव्यांचे चार्जर चालू असतात आणि दालनात किंवा कोठारात डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र. हवेतला दमटपणा ठरलेल्या आकड्यापुढे गेला की त्याचा कॉम्प्रेसर स्वतःहून सुरू होतो, त्याच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र मीटरला जाणवतं, आणि काही वेळाने तो थांबतो. दहा माणसं बंद खोलीत श्वास सोडत बसली, तर तो जास्तच वेळा सुरू होणार. म्हणजे ‘आम्ही आलो आणि हालचाल वाढली’ हे शब्दशः खरं आहे!

या मंडळींचा आवडता मीटर म्हणजे के-टू. त्याच्या पाच दिव्यांपैकी पहिला मीटर चालू करताच लागतो, बाकीचे चार साधारण 1.5, 2.5, 10 आणि 20 मिलिगॉसच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) टप्प्यांवर लागतात. तो एकाच अक्षावर मोजतो, त्यामुळे जागा न बदलता नुसता हात वळवला तरी आकडा बदलतो. जवळ वॉकीटॉकी दाबला किंवा मोबाइलने टॉवर शोधला तरी दिवे उडतात. त्यात जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज नेणारी आणि परत आणणारी तार, कधीकधी वेगवेगळ्या वाटांनी नेलेले असतात. शेजारी असले तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात, दूर असल्यावर ती खोलीभर पसरतात. मीटर हातात धरून फिरू नका, लाकडी स्टुलावर ठेवा. फोन बंद करून इमारतीबाहेर ठेवा. मेन स्विच पाडायची परवानगी मिळणं कठीण. निदान कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, कधी थांबला याची वेळ लिहून ठेवा आणि मीटरच्या नोंदीशी ताडून बघा.

‘थर्मामीटरने थंड जागा पकडली.’ पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर हवा मोजतच नाही, समोरचा पृष्ठभाग मोजतो. लाल ठिपका फक्त नेम दाखवतो. अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास यांचं गुणोत्तर 12:1 असलेलं उपकरण 3 मीटरवरून 25 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देतं. त्या वर्तुळात चकचकीत पितळी समई किंवा तलवार आली, तर आकडा तिचा नसून तिच्यात परावर्तित होणाऱ्या छताचा किंवा खिडकीचा असतो. हवेचं तापमान हवं असेल तर साधे डेटा लॉगर, म्हणजे तापमानाची आपोआप नोंद ठेवणारी छोटी उपकरणं, लावा: घोटा, कंबर, डोकं अशा तीन उंचींवर, मिनिटाला एक नोंद. गार काचेवरून उतरणारी हवा घोट्याच्या लॉगरवर आधी दिसेल.

‘फोटोत गोळे.’ भिंगाजवळच्या धुळीवर फ्लॅश पडला की गोळे येतात. फ्लॅश बंद करून कॅमेरा तिवईवर ठेवा आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवा. विषय संपला.

‘रेकॉर्डरवर स्पष्ट आवाज.’ छोट्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सावरणारी सोय असते. शांतता झाली की ती संवेदनशीलता वाढवते. मग कापडाची सळसळ, पोटाची गुरगुर, शेजारच्या दालनातली कुजबुज फुगून येते. त्यावर ‘इथून जा’ अशी ओळ लिहून व्हिडिओ टाकला, की प्रत्येकाला तेच ऐकू येतं. तीच क्लिप ओळीशिवाय पाच जणांना वेगवेगळी ऐकवा आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. रात्री कुणी खोकलं, खुर्ची सरकली, तर तिथल्या तिथे मोठ्याने ‘माझी खुर्ची’ असं बोलून ठेवा. पहाटे कुणाला आठवत नाही.

‘टॉर्चने हो-नाही सांगितलं.’ टॉर्च नेहमी डोकं पिळून लावायचा आणि जुन्या तंतूच्या बल्बचाच असतो, हे लक्षात आलंय का? डोकं बरोबर लागण्या-विझण्याच्या सीमेवर आणून ठेवतात. बल्ब पेटला की आसपासचे भाग तापून किंचित फुगतात, संपर्क तुटतो. गार झाले की पुन्हा जुळतो. एकही प्रश्न न विचारता तो अर्धा तास कॅमेऱ्यासमोर ठेवा, तरी लागत-विझत राहील. खटक्याच्या बटणाच्या टॉर्चमधून कुणी का बोलत नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

‘छातीवर दडपण आलं.’ इथे शंकेखोरही घाई करतात. ब्रिटनमधले अभियंते विक टँडी यांनी 1998 साली प्रयोगशाळेतला ‘भुताटकीचा’ अनुभव पंख्याच्या सुमारे 19 हर्ट्झच्या, न ऐकू येणाऱ्या कंपनाशी जोडला, तेव्हापासून सगळं खापर त्यावर फुटतं. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच यांच्या प्रयोगात मुद्दाम तयार केलेल्या खोलीत अशी कंपनं आणि चुंबकीय क्षेत्रं सोडूनही लोकांचे विचित्र अनुभव त्यांच्याशी जुळले नाहीत. सूचनेचा प्रभाव हेच सोपं स्पष्टीकरण ठरलं. एक कारण मात्र हसण्यावारी नेऊ नका. 1921 मध्ये अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकावरच्या एका नियतकालिकात ‘झपाटलेल्या’ घराची हकिकत आली होती. दोष घर तापवणाऱ्या, बिघडलेल्या भट्टीतून घरात शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा निघाला. जुनी शेगडी, बॉयलर किंवा जनरेटर जवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी लावा. तो वाजला किंवा डोकं दुखून मळमळू लागलं, तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावं.

‘आम्ही कशालाही धक्का लावला नाही.’ वस्तू हलते का हे बघायला तिच्याभोवती टाल्कम पावडर किंवा मैदा पसरतात. बारीक पावडर कापडाच्या विणीत आणि लाकडाच्या भेगांत शिरते, निघत नाही. मैद्यावर किडे येतात. संग्रहातली वस्तू यासाठी वापरूच नका. स्वतःचं नाणं आणा, कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखा, वर कॅमेरा लावा. आणि सगळ्यात आधी, माणसं यायच्या आदल्या रात्री हीच उपकरणं याच जागी, रिकाम्या इमारतीत, त्याच वेळेत चालवून ठेवा. फिरणाऱ्या मजकुरांत ही रिकाम्या रात्रीची नोंद शोधून सापडत नाही.