शेकाट्या आला म्हणून पेढे वाटू नका

थंडी पडली की सांगलीकरांच्या फेसबुकवर दोन फोटो हमखास येतात. एक धुक्यातला आयर्विन पूल आणि दुसरा नदीकाठचे पक्षी. पुलाबद्दल काही म्हणणं नाही. पण पक्ष्यांखाली कुणी "कृष्णामाई पुन्हा जिवंत झाली" असं लिहिलं की मला राहवत नाही.

परवा असाच एक देखणा फोटो फिरत होता. काटकुळ्या गुलाबी पायांचे शेकाटे, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब, खाली बदामांचा पाऊस. जागा कुठली? शहराचं सांडपाणी आणणारा शेरी नाला नदीला मिळतो तिथली. (फोटोला वास नसतो, हे बरंच आहे.)

शेकाट्या तिथे का रमतो ते ऐका. सांडपाण्यातली घाण तळाशी बसते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे तिथून निघून जातात, नाहीतर मरतात. उरतात त्या चिखलातल्या तांबड्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही त्यांचं भागतं. शेकाट्याची बारीक लांब चोच अशाच अळ्या-किडे टिपायला. म्हणजे नाल्याच्या तोंडाशी थवा दिसला तर पंगत कशाची बसलीय ते आधी बघावं. पक्ष्याचा यात काही दोष नाही, तो चांगल्या तळ्यावरही दिसतो. फक्त नदीच्या तब्येतीचा दाखला त्याच्याकडून घेऊ नये.

दाखला मागायचाच तर कवड्या खंड्याकडे मागा. काळापांढरा, हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबणारा आणि मग दगडासारखा खाली येणारा. त्याला वरून मासा दिसावा लागतो. म्हणजे पाणी बऱ्यापैकी नितळ हवं आणि त्यात मासा हवा. 2023 च्या मार्चमध्ये याच नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता, आठवतंय ना?

नदी सुरयाची अट तर आणखी अवघड. पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी, पुलाखालून सपकन जातो. थंडीत त्याचे फोटो सगळे काढतात. पण तो अंडी घालतो उन्हाळ्यात, नदीतल्या उघड्या वाळूवर. ती वाळू आपण उपसली आणि उरलीसुरली बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली गेली. चक्रवाकाचंही तेच. लडाख-तिबेटकडून एवढ्या लांब येणारा हा पक्षी मोकळ्या काठावर बसतो आणि भलताच बुजरा असतो. जिथे गाड्या धुतल्या जातात आणि डोक्यावर ड्रोन घोंघावतात, तिथे तो कशाला उतरेल?

पाणकावळे आणि वारकरी (हाही पाणपक्षीच) तुंबलेल्या पाण्यातही खुशाल असतात, त्यांचं मला फार कौतुक नाही. धोबी पक्ष्यांचं आहे. पांढऱ्या भुवईचा आपल्याकडे बारमाही असतो. पांढरा आणि करडा मात्र थंडीचे पाहुणे, घाटाच्या पायऱ्यांवर शेपटी हलवत फिरतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आपल्याकडे पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबरला असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जयंतीच्या निमित्ताने. निमित्त उत्तमच, पण तेव्हा बरेच हिवाळी पाहुणे अजून वाटेत असतात. आपली मोजणी, बॅनर आणि ग्रुप फोटो उरकले की मग बरीचशी बदकं येतात. नदीवरची खरी हजेरी डिसेंबर-जानेवारीतच घ्यायला हवी. सकाळी ऊन वर यायच्या आत हरिपूरच्या संगमावर जा. एकीकडून कृष्णा, दुसरीकडून वारणा, दोन्ही पाण्यांवर कोण कोण आहे ते शेजारी शेजारी बघता येतं.

आणि फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती. लेन्सचा नंबर नका लिहू, जागा लिहा. नाल्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, एवढं कळलं तरी पुरे.