दिवाणखान्यातली चूल

पाचगणीच्या घराची डागडुजी काढली तेव्हा यादीत तीनच कामं होती: गळकी कौलं, न्हाणीघराची फरशी आणि एक खिडकी. चौथं काम मी स्वतःच्या हाताने लिहिलं. 'दिवाणखान्यात दगडी फायरप्लेस.' याला कारण इंग्रजांच्या वेळचा एक बंगला. तिथे आम्ही चहाला गेलो होतो. काळ्या पाषाणाची कमान, आत निखारे, पुढ्यात पाय ताणून झोपलेलं कुत्रं. कुत्रं सोडलं तर बाकीचं आपल्याला जमेल असं मला वाटलं.

"थंडी किती दिवस असते इथे?" बायकोने विचारलं.

"कडाक्याची? पंधरा-वीस दिवस."

"आणि त्यातले आपण इथे किती दिवस असतो?"

मी मोजपट्टी शोधायला उठलो.

आईचं म्हणणं निराळं होतं. "गॅस आला तेव्हा मी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. धूर सुटला एकदाचा म्हणून. आणि तू आता पैसे मोजून तो परत आणतोयस?"

मग मी अभ्यासाला लागलो. रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९६ साली याच विषयावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, आगीची जागा उथळ ठेवा आणि बाजूच्या भिंती तिरप्या घ्या, म्हणजे ऊब खोलीत फेकली जाते. आणखी एक हिशेब मिळाला: धुराड्याचं भोक समोरच्या तोंडाच्या साधारण एक दशांश हवं. माझं तोंड (म्हणजे फायरप्लेसचं) ३ फूट रुंद, अडीच फूट उंच; म्हणून धुराडं आतून ९ इंच बाय १२ इंच. हे सगळं आलेखाच्या कागदावर काढून मी आबा गवंड्यांपुढे ठेवलं. आबांनी कागद उलटा धरला, मग सुलटा, आणि एकच शंका काढली.

"धूर कुठनं जानार?"

"हा काय, या चिमणीतून."

"ते खरं. पन त्येला कोन सांगनार?"

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कळलं की फायरप्लेस वर बांधायची असली तरी खणावं खाली लागतं. एक घनफूट काळा दगड भरतो ८० किलोच्या आसपास, म्हणजे माझ्यापेक्षा सहा किलो जास्त. असले दगड नुसत्या फरशीवर रचले तर फरशी बसते. तेव्हा फरशी उखडली, पाया खणला आणि महिनाभर आम्ही सोफ्यावरून स्वयंपाकघरात फळीवरून गेलो. पाथरवट अंगणात बसून छन्नीने टवके उडवत होता. प्रत्येक टवका अंगणभर फिरून नेमका माझ्या चहात येई. आतून भट्टीच्या विटा, बाहेरून दगड; आबा दर थराला ओळंबा सोडत आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघत, जणू वाकडा मीच आहे.

धुराच्या वाटेत उघडझाप करणारी एक झडप लागते. ती बनवायला वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने पाचदा समजून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शटर ना? कुलूप आतून की बाहेरून?"

चिमणीवरची टोपीही त्याच्याकडेच होती. "सोमवारी देतो" म्हणाला. कुठल्या सोमवारी ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही. दरम्यान जून लागला. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीत पाऊस कमी. तिथे आभाळ फाटतं, इथे नुसतं उसवतं. उघडं धुराडं म्हणजे त्याला सरळ पन्हळच मिळाली. सिमेंट कालवल्यासारखं करडं पाणी कमानीतून नव्या फरशीवर आलं, गालिच्यापाशी घुटमळलं आणि मग गालिचाच पसंत करून थांबलं. जुन्या लोकांनी पावसाळ्यापूर्वी महाबळेश्वरकडची घरं गवताने का झाकली, हे मला मी गालिचा पिळत असताना समजलं.

डिसेंबरात उद्घाटन. आबांनाही बोलावलं होतं. शोभेसाठी मी वाईहून कृष्णेतले पाच गोटे आणून जाळाभोवती मांडले. आबा म्हणाले, "नदीचा गोटा इस्तवापाशी नगा ठिवू. पानी पिल्याला आसतोय." मी हसलो. काडी लावली. धूर वर गेला, वरचा गारठा बघितला आणि माघारी फिरून थेट सोफ्यावर येऊन बसला. आई पदर नाकाला लावून म्हणाली, "अगदी माहेरी गेल्यासारखं वाटतंय."

आबांनी वर्तमानपत्राचा बोळा पेटवला, हात आत घालून धुराड्याच्या नरड्यात धरला. "नळी गार आसली की धूर चढत न्हाई. आदी तिला ऊन करायची." तसंच झालं, पण अर्धंच. "आता खिडकी उघडा. हितनं वारं वर चाललंय, तर दुसरीकडनं आत याया नगं?" खिडकी उघडली. धूर शहाण्यासारखा वर निघाला, आणि पाचगणीतली सगळी थंडी आत आली. तोंडं भाजत होती, पाठी गारठत होत्या. आम्ही स्वेटर घालून, कानटोप्या चढवून, दर पाच मिनिटांनी पापडासारखे उलटत होतो.

तेवढ्यात पहिला गोटा फुटला. फाट्‌! दुसऱ्याची कपची बायकोच्या शालीला चाटून गेली. उरलेले तीन आबांनी फुकणीने हळूच बाहेर ओढले. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री दहाला जाळ बसला, लालबुंद निखारे उरले. आई उठून आत गेली आणि तेल लावलेलं, चिरा दिलेलं वांगं घेऊन आली. निखाऱ्यात खुपसलं. साल करपल्याचा वास सुटला, देठापाशी रस चुरचुरला. फायरप्लेसने पहिल्यांदाच काहीतरी नीट तापवलं होतं. भाकरीशी भरीत खाताना सगळे गप्प होते, आणि खिडकी कोणी लावली ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "एक जाळी करून आण रे, एका वेळी चार वांगी बसतील अशी." मी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने मला बघताच वही काढली.

"या साहेब. शटर अडकलं का?"